मॉडेल ए कूपेसाठी जुने व्ही-८ : इंजिन निवडीच्या नोंदी

१५ जानेवारी २०२३

आज संक्रांतीच्या दिवशी १९३१ सालची फोर्ड मॉडेल ए कूपे ट्रेलरवरून गॅरेजात उतरवली. दारांच्या खालच्या कडा सोडल्या तर पत्रा शाबूत आहे, चॅसीच्या दोन्ही पट्ट्या सरळ आहेत आणि इंजिनाच्या जागी काहीच नाही. मूळचे चार सिलिंडरचे इंजिन आधीच्या मालकाने केव्हाच काढून विकले होते. माझ्यासाठी ही सोयच झाली, कारण मला ही गाडी कारखान्यातून निघाली तशी पुन्हा उभी करायची नाही. तिचा जुन्या पद्धतीचा हॉट रॉड करायचा आहे.

ही परंपरा दक्षिण कॅलिफोर्नियातली. १९३० च्या दशकात तिथली तरुण मुले जुन्या, स्वस्त फोर्ड गाड्या घेत, मडगार्डांपासून जे जे वजनदार ते उतरवून ठेवत, इंजिनात फेरफार करत आणि म्युरॉक येथील कोरड्या सरोवराच्या सपाट तळावर गाडी किती वेगाने पळते ते घड्याळ लावून पाहत. या शर्यतींना शिस्त लागावी म्हणून १९३७ साली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. पुढे म्युरॉकचा तळ लष्कराकडे गेला आणि महायुद्धानंतर, सैन्यात यंत्रकाम शिकून परतलेल्या तरुणांनी एल मिराज या दुसऱ्या कोरड्या सरोवरावर हाच खेळ पहिल्यापेक्षा जोमाने मांडला. जुन्या पद्धतीचा हॉट रॉड म्हणजे त्या मुलांना त्या काळी जे भाग मिळू शकत होते तेवढेच वापरून बांधलेली गाडी. आजचे तयार इंजिन खोक्यातून काढून बसवले की गाडी पळेल उत्तम, पण ती वेगळी गाडी होईल.

चॅसी, ब्रेक आणि वायरिंगच्या कामाची वही वेगळी ठेवली आहे. इथे फक्त इंजिनाच्या निवडीचे टिपण करीन.

२९ जानेवारी २०२३

दोन आठवडे मी चुकीच्या टोकाकडून सुरुवात करत होतो. कागदावर एक तक्ता केला होता: १९३२ चे फोर्ड व्ही-८ (इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या दोन रांगांत आठ सिलिंडर असलेले इंजिन), ६५ अश्वशक्ती, १९४९ चे ओल्ड्समोबिल, १३५, त्याच वर्षीचे कॅडिलॅक, १६०, १९५१ चे क्रायस्लर, १८०. तक्ता जितका लांबवावा तितका आकडा वाढत जातो आणि प्रत्येक वेळी सर्वांत खालची ओळ जिंकते. अशा तक्त्यातून कोणते इंजिन अधिक नवीन आहे एवढेच कळते, माझ्या गाडीला कोणते शोभेल ते कळत नाही.

म्हणून आज तक्ता बाजूला ठेवून आधी गाडीचे साल ठरवले. ही कूपे १९४९ च्या उन्हाळ्यात कोणा वीस-बावीस वर्षांच्या मुलाने बांधली, असे धरून मी चालणार आहे. त्या वर्षी मॉडेल ए अठरा वर्षांची जुनी, म्हणून स्वस्त होती. 'हॉट रॉड' मासिक जानेवारी १९४८ मध्ये सुरू झालेले असल्यामुळे वेगासाठीचे खास भाग बनवणाऱ्यांच्या जाहिराती देशभर पोचत होत्या, आणि त्याच उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, युटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाटीवर पहिला स्पीड वीक भरला. त्या मुलाच्या खिशात किती पैसे होते आणि जवळच्या भंगारवाड्यात काय पडलेले होते, यावरून इंजिन आपोआप ठरत जाईल अशी माझी अपेक्षा आहे.

१२ फेब्रुवारी २०२३

मूळच्या इंजिनाचा विचार प्रामाणिकपणे करून पाहिला. मॉडेल एचे चार सिलिंडरचे इंजिन सुमारे २०० घनइंचांचे आणि ४० अश्वशक्तीचे आहे. त्याला वरून व्हॉल्व्ह असलेले हेड चढवणारे कारागीर तेव्हाही होते आणि आजही आहेत. मला मात्र व्ही-८ चा आवाज हवा आहे. फोर्डचे धाकटे, १३६ घनइंची व्ही-८ दिसायला फार देखणे आहे, परंतु ते ६० अश्वशक्तीच्या हिशेबाने बांधलेले असल्याने रस्त्यावर चालवायच्या गाडीत त्याची दमछाक होईल. ही दोन्ही नावे वगळली.

५ मार्च २०२३

कॅडिलॅकचे ३३१ घनइंची इंजिन मनातून जात नाही, म्हणून त्याला पुरता न्याय द्यायचे ठरवले.

१९४९ साली कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल या दोघांनी, एकाच जनरल मोटर्सच्या छताखाली पण वेगवेगळ्या आराखड्यांवर, वरून व्हॉल्व्ह असलेली व्ही-८ इंजिने बाजारात आणली. दोन्हींचा स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) बोअरपेक्षा (सिलिंडरच्या व्यासापेक्षा) आखूड आहे. कॅडिलॅकचा बोअर ३ १३/१६ इंच तर स्ट्रोक ३ ५/८ इंच. स्ट्रोक आखूड असला की तेवढ्याच फेऱ्यांना पिस्टनचा वेग कमी राहतो, घर्षण कमी होते आणि इंजिन न कुरकुरता वरच्या फेऱ्यांपर्यंत जाते. व्हॉल्व्ह हेडमध्ये असल्यामुळे मिश्रण सरळ वाटेने सिलिंडरमध्ये उतरते आणि जळका वायू ब्लॉकमधून वळसे न घेता बाहेर पडतो. १९५० च्या सुमारास नव्या फोर्ड गाडीत कॅडिलॅकचे इंजिन बसवून तिला 'फोर्डिलॅक' म्हणत, यावरून त्या काळच्या जाणत्यांना या इंजिनाची किंमत कळली होती हे दिसते.

आता माझ्या अडचणी. हे इंजिन जवळपास ७०० पौंड भरते, आणि मॉडेल एचा पुढचा भार एकाच आडव्या कमानपाट्यावर असतो. दुसरी अडचण रुंदीची. पुठ्ठे कापून हेड आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डची आकृती केली आणि ती चॅसीत धरून पाहिली, तेव्हा डाव्या बाजूला स्टिअरिंग बॉक्सला मॅनिफोल्ड टेकले. यावर तोडगे आहेत, लोकांनी ते काढलेही आहेत. पण खरी अडचण सालाची आहे. १९४९ च्या उन्हाळ्यात हे इंजिन फक्त नव्या कोऱ्या कॅडिलॅकमध्ये होते, आणि माझ्या कल्पनेतल्या मुलाच्या हाती ते लागायला कोणाची तरी नवी महागडी गाडी ठोकर खाऊन भंगारात यावी लागली असती. असे क्वचित घडलेही असेल, परंतु क्वचित घडलेल्या गोष्टीवर माझी गाडी बांधणे मला पटत नाही.

१९ मार्च २०२३

१९५० नंतरची इंजिने साल ठरल्यामुळे आधीच बाद आहेत, तरी नोंद राहावी म्हणून लिहितो. क्रायस्लरचे अर्धगोल दहनकक्षाचे इंजिन कॅडिलॅकहूनही जड आहे. १९५३ मध्ये आलेले ब्यूकचे नेलहेड अरुंद असल्यामुळे जुन्या चॅसीत बसायला सोपे आहे आणि त्याची उभी हेड-झाकणे फार रुबाबदार दिसतात. १९५४ चे फोर्ड वाय-ब्लॉक मला आवडत असले तरी त्यात रॉकरच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या तरफांच्या) दांड्यापर्यंत तेल नीट न पोचण्याचा दोष होता.

शेवरलेच्या १९५५ च्या २६५ घनइंची इंजिनाबद्दल मात्र दोन ओळी जास्त लिहिल्याच पाहिजेत. रॉकरसाठी जड दांडा न घालता दाबकामाने बनवलेले रॉकर एकेका स्टडवर बसवणे, ओतकामाच्या भिंती पातळ ठेवणे आणि आठ सिलिंडर असूनही शेवरलेच्या स्वतःच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाहून वजन कमी आणणे, हे काम मुख्य अभियंते एड कोल यांच्या चमूने ज्या हुशारीने केले त्याला तोड नाही. पहिल्या वर्षीच्या ब्लॉकमध्ये तेलाच्या फिल्टरची अंगची सोय नव्हती, एवढीच त्याची मोठी उणीव. गाडीचे साल १९५७ ठरवले असते तर मी क्षणभरही विचार केला नसता.

९ एप्रिल २०२३

उरले फोर्डचे फ्लॅटहेड, म्हणजे सपाट हेडाचे व्ही-८. त्याला आपण वशिल्याने निवडत नाही ना, हे तपासण्यासाठी आज त्याचे गुण आणि दोष यंत्राच्या बाजूने लिहितो.

१९३२ च्या आधी बहुतेक व्ही-८ इंजिनांत सिलिंडरांचे ब्लॉक वेगळे ओतून क्रँककेसला बोल्टने जोडत, आणि म्हणून ती इंजिने महाग पडत. हेन्री फोर्ड यांना सामान्य माणसाच्या गाडीत व्ही-८ घालायचे होते. त्यासाठी आठही सिलिंडर आणि क्रँककेस एकाच ओतकामात आणणे भाग होते. त्यांच्या अभियंत्यांनी या इंजिनाचे सुरुवातीचे काम मिशिगनमधल्या ग्रीनफील्ड व्हिलेज या संग्रहालयात आणून उभारलेल्या एडिसनच्या फोर्ट मायर्स येथील प्रयोगशाळेत, गाजावाजा न करता केले. ती इमारत आजही तिथे पाहता येते आणि माझ्या घरापासून लांब नाही. त्यातून २२१ घनइंची इंजिन निघाले. १९३९ मध्ये मर्क्युरीसाठी ते २३९ घनइंचांचे झाले, युद्धानंतर फोर्डलाही तेच मिळाले, आणि १९४९ ते १९५३ च्या मर्क्युरीत चार इंच स्ट्रोकच्या क्रँकमुळे ते २५५ पर्यंत गेले.

व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच उभे असल्यामुळे हेड म्हणजे केवळ एक जाड झाकण असते. त्यामुळे इंजिन बुटके आणि अरुंद होते व मॉडेल एच्या बॉनेटखाली सहज मावते. कॅम बदलणे, हेड बदलणे, दोन कार्बोरेटरांचे मॅनिफोल्ड चढवणे ही कामे साध्या हत्यारांनी घरच्या अंगणात होत असत, आणि म्हणूनच वेगासाठीचे भाग बनवणारी एडेलब्रॉक, ऑफेनहाउझर, नवारो, इस्केंडेरियन ही नावे या एका इंजिनाच्या आधाराने मोठी झाली.

दोष मात्र मुळातच आहेत. जळका वायू व्हॉल्व्हमधून निघून ब्लॉकच्या आतूनच, सिलिंडरांना खेटून असलेल्या वाटांनी बाहेरच्या बाजूला येतो. शिवाय प्रत्येक बाजूला चार सिलिंडर असून बाहेर पडायची भोके तीनच, कारण मधल्या दोघांचे भोक एकच आहे. ही सगळी उष्णता पाण्यात जाते, आणि म्हणून हे इंजिन तापते असा त्याचा लौकिक आहे. दुसरा दोष श्वासाचा. कॉम्प्रेशन वाढवायचे तर हेडमधली पोकळी कमी करावी लागते, पण व्हॉल्व्हकडून सिलिंडरकडे मिश्रण जाण्याची वाटही त्याच पोकळीतून असल्यामुळे ती अरुंद होते. एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने थोडे परत द्यावे लागते. तिसरा दोष म्हणजे मेन बेअरिंग तीनच आहेत.

हे सारे मान्य करूनही १९४९ च्या मुलाकडे हेच इंजिन असणार, याबद्दल मला शंका नाही. युद्धानंतरच्या १९४६ ते १९४८ च्या ब्लॉकना कारागीर ५९ए-बी म्हणून ओळखतात, कारण बेलहाउसिंगवर (गिअरबॉक्स जिथे जोडतात त्या मागच्या कवचावर) तसा ठसा ओतलेला असतो. त्यांचे बेलहाउसिंग ब्लॉकच्याच अंगचे असल्याने १९३९ चा गिअरबॉक्स कोणताही जोडतुकडा न घालता त्यांना बसतो, आणि मला तोच गिअरबॉक्स वापरायचा आहे. तेव्हा ५९ए-बी शोधायचा, असे ठरले.

३० एप्रिल २०२३

ओहायोतल्या एका धान्यकोठारातून ५९ए-बी ब्लॉक आणला. विकणाऱ्याने सांगितले की इंजिन चालू स्थितीत उतरवले होते आणि ब्लॉकला तडा नाही. ताज्या हिरव्या रंगाचा थर दिलेला होता. सहाशे डॉलर दिले.

२१ मे २०२३

आज ब्लॉक मशीनशॉपमध्ये तपासला. शॉपचे मालक सत्तरी ओलांडलेले असून त्यांनी आयुष्यभर ब्लॉक बोअर करण्याचेच काम केले आहे. त्यांनी आधी डेक (ब्लॉकचा हेड बसते तो सपाट भाग) घासून पांढरा केला, मग विद्युतचुंबकाचे दोन्ही पाय व्हॉल्व्हच्या रांगेवर टेकवले आणि रबरी फुग्यातून लालसर लोखंडी पूड उडवली. हलकी फुंकर मारताच पूड साफ उडून गेली आणि मला हायसे वाटले. ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी चुंबक काटकोनात फिरवून पुन्हा टेकवला, पुन्हा पूड उडवली, पुन्हा फुंकर मारली. आणि एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून (व्हॉल्व्ह टेकतो त्या जागेपासून) बोअरच्या काठापर्यंत केसाएवढी लाल रेघ तशीच धरून राहिली. तडा चुंबकाच्या रेषांना आडवा आला तरच पूड त्यावर गोळा होते, समांतर असला तर तो लपून राहतो, म्हणून प्रत्येक जागा दोनदा पाहावी लागते, असे त्यांनी नंतर समजावून सांगितले.

अशा रेघा एकूण तीन सीटवर निघाल्या. त्यांतली एक बोअरच्या आत सुमारे पाऊण इंच खाली उतरली होती. तरीही कास्ट आयर्नला पिना घालून टाके मारता येतात आणि बोअरला स्लीव्ह बसवता येते, म्हणून मी आशा सोडली नव्हती. मग त्यांनी ब्लॉक उलटा करून बाजूच्या भिंतीवरचा हिरवा रंग खरवडला. खाली राखाडी लांबी (भेगा बुजवायची पुट्टी) भरलेली होती आणि तिच्याखाली वॉटर जॅकेटच्या (सिलिंडरांभोवती पाणी फिरते त्या पोकळीच्या) भिंतीत हातभर लांबीचा तडा, म्हणजे कोणत्या तरी हिवाळ्यात आत राहिलेले पाणी गोठून पडलेला. लांबी कोणी तरी हाताने भरून, घासून, वरून रंग दिला होता. ते नजरचुकीने झालेले नव्हते. मला पैशांपेक्षा त्या लबाडीचा राग आला, कारण ब्लॉक तसाच बांधला असता तर महिन्याभरात पाणी तेलात उतरून क्रँक आणि बेअरिंगही गेले असते.

ब्लॉक सोडून दिला. त्यातून व्हॉल्व्ह मार्गदर्शक, कॅमचा गिअर आणि दोन पाण्याचे पंप एवढेच घेतले.

२८ मे २०२३

बाबांना कोल्हापूरला फोन केला. त्यांनी शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षे बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग केले आहे. मी साल ठरवण्यापासून लांबी भरलेल्या तड्यापर्यंत सगळे सांगितले. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "अरे, हे इंजिन माझ्या हाताखालनं गेलंय की. मी उमेदवारी करत होतो तेव्हा मिलिटरीनं लिलावात काढलेल्या कॅनडा-फोर्डच्या लॉऱ्या यायच्या. आंबा घाट चढायचा म्हटलं की ड्रायव्हर पाण्याचा डबा घेऊनच बसायचा." पुढे पुढे मालक लोक पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून त्या लॉऱ्यांतले व्ही-८ काढून पर्किन्सचे डिझेल इंजिन बसवून घेऊ लागले आणि काढलेली इंजिने भंगारात गेली, असेही त्यांनी सांगितले.

मग त्यांनी मला दोन गोष्टी विचारल्या. पहिली, टॅपेटला (व्हॉल्व्ह वर ढकलणाऱ्या तुकड्याला) स्क्रू आहे का. मूळच्या फोर्डला तो नसतो. क्लिअरन्स जुळवण्यासाठी व्हॉल्व्हची दांडी घासून आखूड करावी लागते, आणि एकदा जास्त घासली गेली की तो व्हॉल्व्ह वाया जातो, हे त्यांना साठ वर्षांनंतरही आठवत होते. दुसरी गोष्ट माझ्या डोक्यातही आली नव्हती. "वॉटर जॅकेटातली वाळू काढायची असते, माहीत आहे न्हवं तुला? ओतताना आत राहिलेली. आमच्याकडं नवा ब्लॉक आला तरी मी तार घालून बघायचो."

मी म्हणालो, "बाबा, तुम्ही म्हणता तसं बघतो, पण आधी ब्लॉक तर मिळू दे." त्यावर ते म्हणाले, "मिळंल. पण या खेपेला नावाचा हट्ट धरू नकोस. ५९ मिळाला तर ५९, नाहीतर त्याच्या पुढचा. कास्टिंग चांगलं बघ."

८ ऑक्टोबर २०२३

उन्हाळाभर सहा ब्लॉक पाहिले आणि सहाही सोडले. चौघांना सीटजवळ तडे होते, एकाचे बोअर आधीच इतके मोठे केलेले होते की पुढे काही उरले नव्हते, आणि एकाचा मालक चुंबक लावू द्यायला तयार नव्हता. त्याच्याशी वाद न घालता परत आलो.

काल इथून पन्नास मैलांवर एका निवृत्त शेतकऱ्याकडे ८बीए हेड असलेले इंजिन पाहिले. हे फ्लॅटहेडचेच १९४९ पासूनचे रूप. डिस्ट्रिब्यूटर पुढे उभा, पाण्याचे तोंड हेडच्या पुढच्या टोकाला, आणि बेलहाउसिंग वेगळे, बोल्टने जोडलेले. त्यांनी स्वतःहून सांगितले की इंजिन तीस वर्षे फिरलेले नाही आणि आत काय आहे याची त्यांना खात्री नाही. हेड उतरवू दिले. एक पिस्टन वर आणि शेजारचा खाली अडकलेला होता, म्हणून खालच्यावर खोली मोजायची पट्टी धरली. फोर्डच्या क्रँकने पावणेचार इंच मिळायला हवे होते. पट्टीवर चार इंच आले. खाली अडकलेल्या आणखी एका पिस्टनवर मोजले, तेवढेच. म्हणजे हेड फोर्डचे असले तरी आतला क्रँक मर्क्युरीचा आहे. पूर्वी कोणी तरी विचार करून हे इंजिन जुळवलेले असणार. मालकांनाही मी ते लगेच सांगितले आणि किंमत पुन्हा ठरवा असे म्हटले. त्यांनी थोडी वाढवली. ती योग्यच होती.

५ नोव्हेंबर २०२३

इंजिन पूर्ण खोलले. पिस्टन काढायला आठवडाभर रोज तेल घालून, रोज थोडे ठोकून धीर धरावा लागला.

आज बाबांनी सांगितलेले काम केले. ब्लॉक उलटा टांगला, पाण्याची सगळी भोके उघडली आणि वाकवलेल्या तारा, बाटली घासायचे ब्रश आणि हवेचा झोत घेऊन जॅकेट खरवडायला बसलो. आधी गंजाचे पापुद्रे पडले. मग मागच्या सिलिंडरांच्या तळाशी तार एका घट्ट थरावर अडली. तो दगडासारखा झालेला थर टोचून टोचून फोडला तेव्हा काळी, बारीक, हाताला खरखरीत लागणारी वाळू परातीत सांडू लागली. तिच्याबरोबर बोटभर लांबीचे लोखंडी तारेचे दोन तुकडे आले. कोअर (ओतताना आत पोकळी राहावी म्हणून ठेवलेला वाळूचा गाभा) मोडू नये म्हणून तो बनवताना त्यात तार घालतात. ओतकाम झाल्यावर कोअर फोडून वाळू आणि तार दोन्ही काढायची असतात, पण फोर्डच्या रूज कारखान्यातल्या फाउंड्रीत घाईत हे दोन तुकडे आणि ही वाळू आत राहून गेली. उद्यमनगरात लहानपणी फाउंड्रीच्या दारात ही वाळू मी पायाने उडवत असे. तोच रंग, तोच भाजका वास.

परातीतला ऐवज वजन करून पाहिला तर गंज धरून सव्वादोन पौंड भरला. तेवढ्या जागेत सत्तर वर्षे पाणी फिरू शकले नव्हते, आणि नेमके ते मागचे, सर्वांत तापणारे सिलिंडर. फ्लॅटहेड तापते असे जे सगळे म्हणतात त्यातला काही भाग आराखड्याचा आहे हे मी एप्रिलमध्ये लिहिले. आज पटले की काही भाग ओतकामाच्या सफाईचाही आहे, आणि तो आपल्याला दुरुस्त करता येतो.

१९ नोव्हेंबर २०२३

चुंबकाची तपासणी झाली. प्रत्येक सीट दोन्ही दिशांनी पाहिली. सोळाही सीट आणि त्यांच्यापासून बोअरपर्यंतचे पूल निर्दोष निघाले. हेडच्या दोन बोल्टभोकांपासून शेजारच्या पाण्याच्या भोकापर्यंत लहान रेघा आहेत. शॉपच्या मालकांच्या मते असे तडे या ब्लॉकांत नेहमीच आढळतात, पिन घालून बंद होतात आणि त्यांची चिंता करायची नसते. पाण्याचे मार्ग बंद करून हवेचा दाब दिला. अर्धा तास काटा हलला नाही. ध्वनिलहरींनी भिंतींची जाडी मोजली असता एका सिलिंडरची बाहेरची बाजू इतरांपेक्षा पातळ निघाली, म्हणजे ओतताना कोअर किंचित सरकला होता.

आता सालाचा प्रश्न. चार इंची क्रँक आणि ८बीएचा पुढचा भाग १९४९ च्या उन्हाळ्यात भंगारात मिळणे तितकेच दुर्मीळ होते जितके कॅडिलॅकचे इंजिन. मार्चमध्ये ज्या कारणाने मी कॅडिलॅक नाकारले तेच कारण आज माझ्याच ब्लॉकला लागू पडते. ५९चा पुढचा भाग बसवून १९४८ चे रूप आणता येते, परंतु ते सोंग होईल. त्यापेक्षा गाडीचे साल मी १९५२ करतो.

साल पुढे नेले की कॅडिलॅकला पुन्हा दार उघडे होते, आणि ते मी मुद्दाम बंद ठेवत नाही. १९५२ पर्यंत कॅडिलॅकची ठोकर खाल्लेली इंजिने मिळू लागली होती. ज्याला फक्त वेग हवा होता त्याने ते घ्यायला हवे होते, आणि अनेकांनी घेतलेही. माझ्याकडे मात्र आज तपासून खात्री झालेला, सीट शाबूत असलेला, मर्क्युरीच्या क्रँकसकट ब्लॉक टेबलावर आहे. त्याचे वजन या चॅसीला पेलते, त्याची रुंदी स्टिअरिंगला आड येत नाही, आणि १९५२ मध्येही बहुसंख्य हॉट रॉडमध्ये हेच इंजिन होते. जानेवारीत मी साल ठरवून त्यावरून इंजिन शोधायला निघालो होतो. प्रत्यक्षात चांगला ब्लॉक मिळाल्यावर त्याने साल ठरवले, आणि मला ते मान्य आहे.

१४ जानेवारी २०२४

मापे ठरवली. या ब्लॉकचा मूळ बोअर ३ ३/१६ इंच. जुने लोक तो सर्रास ३ ५/१६ पर्यंत नेत आणि चार इंची स्ट्रोकबरोबर २७६ घनइंच मिळवत. तो आकडा मलाही फार आवडतो. पण पातळ निघालेल्या भिंतीतून एक अष्टमांश इंचाचा बोअर वाढवणे म्हणजे उष्णतेला आणखी जवळ बोलावणे. बोअर ०.०३० इंचानेच वाढवायचा. त्यातून २६० घनइंच होतात.

हेड अॅल्युमिनियमची, वर पंखांसारख्या पट्ट्या (फिन) असलेली. कॉम्प्रेशन साडेसातच्या आसपास ठेवणार, म्हणजे मिश्रणाची वाट फार आवळली जाणार नाही. कॅम सौम्य. दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्बोरेटर. त्यांचे नाव त्यांच्या ०.९७ इंची गळ्यावरून पडलेले आहे आणि ते १९३६ पासून फोर्डवर येत. टॅपेट स्क्रूवाले. बाबांना हे सांगितले तेव्हा ते नुसते "बरं केलंस" म्हणाले. १९३९ चा गिअरबॉक्स जोडण्यासाठी मध्ये जोडकडे लागेल, तेवढा एक उपरा तुकडा स्वीकारला.

११ फेब्रुवारी २०२४

रिकामा ब्लॉक साखळीने उचलून चॅसीत उतरवला. वरून हेड नुसती ठेवली, पुढे रेडिएटर उभा केला. मागे फायरवॉलचा पत्रा कुठेही कापावा लागत नाही. डिस्ट्रिब्यूटर बसल्यावर रेडिएटरच्या वरच्या नळीपासून तो दोन बोटे दूर राहतो. डावे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टिअरिंग बॉक्सला लागत नाही. मार्चमध्ये पुठ्ठा जिथे टेकला होता तिथे आता माझा पंजा सरळ आत जातो. माउंटिंगच्या भोकांच्या खुणा चॅसीवर करून घेतल्या आणि ब्लॉक पुन्हा वर उचलला.

उद्या तो बोअरिंगला जाईल. सोबत द्यायच्या चिठ्ठीवर लिहिले आहे: बोअर मूळच्या मापापेक्षा ०.०३० इंच मोठा. डेक फक्त साफ होईल एवढाच घ्यावा. दोन बोल्टभोकांना पिना. काम झाल्यावर जॅकेट पुन्हा एकदा हवेने उडवून, वाळू राहिली नाही हे पाहूनच परत द्यावा.